तत्काळ

मानपत्राचा कच्चा मसुदा अग्निशामक केंद्रातून परत आला, तेव्हा त्यात एकच शब्द खोडलेला होता. निळ्या शाईची, पट्टी धरून ओढावी तशी सरळ रेघ. समासात काही लिहिलेले नव्हते, साधे प्रश्नचिन्हही नव्हते. दीड पानाच्या त्या मजकुरात ‘धैर्यमूर्ती’ होते, ‘अग्निज्वाळांशी निकराची झुंज’ होती, ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द दोनदा आला होता, आणि यांपैकी कशालाही त्या पेनाने हात लावला नव्हता. खोडला होता तो फक्त ‘तत्काळ’. ‘वर्दी मिळताच आपण तत्काळ घटनास्थळी पोचलात’ या वाक्यातला. कागद घेऊन आलेला वाचनालयाचा मुलगा म्हणाला, ‘साहेबांनी सांगितलंय, बाकीचं बाईंना योग्य वाटेल तसं राहू दे, एवढा एक शब्द तेवढा नको.’ का नको, हे याने विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

आमच्या गोव्यात गावोगावी नाटके होतात, भजनी सप्ताह होतात, आणि जिथे ही परंपरा जिवंत आहे तिथे शाल, श्रीफळ आणि मानपत्र हेही आलेच. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हापासून गावातली मानपत्रे लिहायला माझ्याकडे येत आली आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर एकाच देवळात पखवाज वाजवलेले गृहस्थ, तीन पिढ्यांची बाळंतपणे केलेली आजी, अशा अनेकांसाठी मी लिहिले. तेव्हा शब्द शोधावे लागले नाहीत, कारण त्या माणसांचे काम मी वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते. आग विझवणाऱ्यांचे काम मात्र मी एकच दुपार पाहिले होते, तेही धुरामुळे अर्धे. उरलेले मी शब्दांनी भरून काढले होते. खोडलेल्या त्या रेघेकडे पाहताना पहिल्यांदा मनात आले, की हा त्यांचा विनय असावा. पण विनयाने खोडायचे असते तर ‘धैर्यमूर्ती’ आधी गेले असते. दोन दिवस तो कागद देवघराच्या फळीवर होता आणि येता-जाता माझी नजर त्या रेघेवर जात होती.

ती दुपार शिगम्याच्या दिवसांतली. जेवणे उरकून मी ओसरीवर पेपर वाचत बसले होते. जळक्या गवताचा वास आधी आला, आणि त्याचे मला काहीच वाटले नाही, कारण काजूच्या दिवसांत बागायतीतला पालापाचोळा गोळा करून जाळतातच आणि तो वास आमच्या मार्च महिन्याचाच वास असतो. मग आवाज आला. कौले तापून तडकण्याचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगणे कठीण आहे. लाह्या फुटाव्यात तसा असतो, पण जड, आणि प्रत्येक फुटण्यानंतर क्षणभर शांतता असते. अंगणात येऊन पाहिले तो शेजारच्या वहिनींच्या गोठ्याच्या मागून काळसर पिवळा धूर उठत होता. गवताची गंजी पेटली होती, आणि वारा डोंगराच्या दिशेने होता. गोठ्याच्या पलीकडे दहा पावलांवर काजूची बाग सुरू होते आणि ती वर माथ्यापर्यंत जाते. १०१ क्रमांक मीच फिरवला. पलीकडच्या माणसाने शांतपणे गाव विचारला, वाडा विचारला, काय पेटले आहे, कोणी आत अडकले आहे का, हे विचारले. वाट कशी आहे असे विचारल्यावर मी सांगितले, ‘देवळाकडून डावीकडे या, पुढे आमची चिऱ्यांची भिंत दिसेल, तिथून वळा.’

त्यानंतरचा वेळ मला सलग आठवत नाही. वहिनी अनवाणी धावत होत्या हे आठवते. विहिरीवर माणसांची रांग लागली, कळश्या आणि बादल्या हातोहात निघाल्या आणि गंजीपर्यंत जाईतो त्यांतले निम्मे पाणी वाटेतच सांडत होते. वाड्यावरच्या दोन मुलांनी, एक वीजखात्यात रोजंदारीवर आहे आणि दुसरा मोटारसायकली दुरुस्त करतो, विहिरीकडे न येता थेट डोंगराकडे धाव घेतली. मला तेव्हा त्यांचा रागच आला. ते पळून चालले आहेत असे वाटले. प्रत्यक्षात त्यांनी किंदळीच्या हिरव्या डहाळ्या तोडल्या, आणखी चार जणांना हाका मारल्या आणि काजूच्या कडेने उभे राहून जमिनीवरून सरकत येणारी जाळाची रेघ झोडपायला सुरुवात केली. गंजी वाचणार नाही हे त्यांनी पहिल्याच नजरेत ओळखले होते. वाचवायचा होता तो डोंगर. हे दोघे आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणारे प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत, त्यांनी बारा दिवसांचे प्रशिक्षण घेतले आहे, दोर बांधणे, बुडत्याला बाहेर काढणे, जखमीला न हलवता कसे हलवायचे हे ते शिकले आहेत, हे मला नंतर कळले. एवढी वर्षे मी त्यांना ओळखत होते, त्यांपैकी एकाला तर सातवीत शिकवले होते, आणि तरीही हे मला ठाऊक नव्हते.

गणवेशातले पहिले दोघे आले ते मोटारसायकलवरून. चौकीतले हवालदार आणि त्यांच्या मागे बसलेला होमगार्ड. हवालदारांनी गाडी आडवी लावली आणि सर्वांत आधी मोबाइलवर चित्रण करत उभ्या असलेल्या माणसांना मागे हटवले, मग आत कोणी माणूस नाही ना हे तीन वेळा तीन वेगळ्या माणसांना विचारले. होमगार्डने काही विचारले नाही. कोणाच्या तरी हातातली कोयती घेतली, खांद्यावरचा पंचा विहिरीच्या बादलीत बुचकळून तोंडाला गुंडाळला आणि तो गोठ्यात शिरला. दावी कापल्याबरोबर एकेक जनावर उधळत बाहेर आले. चार आली. पाचवी लहान पाडी होती, ती कोपऱ्यात होती. तिच्याकडे जाताना वरचा वासा खाली आला आणि हवालदारांनी त्याला मागून पट्ट्याला धरून ओढून काढले. त्याच्या डाव्या हाताचे कातडे मनगटापासून कोपरापर्यंत भाजले होते, आणि तो पुन्हा आत जायला बघत होता.

पाडीचे ओरडणे थांबले, तेव्हा बंबाची घंटा देवळाजवळ ऐकू आली होती.

माझ्या लहानपणी आमच्या भागात बंबाची वाट कोणी पाहत नसे, कारण तो येऊ शकेल असा रस्ताच नव्हता. डोंगराला आग लागली की घराघरातून एकेक पुरुष जायचा आणि बायका ताकाचे तांबे घेऊन पायथ्याशी थांबायच्या. वडील रात्री उशिरा परत यायचे, भुवयांचे केस करपलेले असायचे, आणि आई काही न बोलता त्यांच्या पायांवर पाणी ओतायची. दुसऱ्या दिवशी त्यांचा सत्कार व्हावा असे कोणाच्या डोक्यातही आले नसते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यातले डोंगर पेटले, तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावांनी कितीतरी रात्री ती तांबडी वाकडी रेघ कड्यांवर सरकताना पाहिली. सकाळी तुळशी वृंदावनावर राखेचा पातळ थर असे. नौदलाची आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे खाली लोंबणाऱ्या बादल्यांतून पाणी घेऊन घोंघावत जात, आणि पोरे त्यांचे फोटो काढत. पण जिथे पाणी पडत होते तिथेच खाली वनरक्षक, अग्निशामक दलाचे जवान आणि आसपासच्या वाड्यांवरची माणसे त्याच हिरव्या डहाळ्या घेऊन उभी होती. आगीला पुढे खायला काही उरू नये म्हणून पाला बाजूला सारून वाट करायची आणि जी ठिणगी ती वाट ओलांडेल तिला ठेचायचे. माझ्या वडिलांच्या वेळी होती तीच ही रीत आहे.

पावसाळ्यात याच माणसांच्या हातात करवत आणि दोर येतात. जूनच्या पहिल्या वाऱ्यात रस्त्यावर आडवी झालेली झाडे कापणे हे आमच्याकडे त्यांचे रोजचे काम असते, आणि बस चालू झाली की ते झाड कोणी कापले हे आपण विसरतो. २३ जुलै २०२१ ची सकाळ मात्र कोणी विसरलेले नाही. म्हादईचे पाणी रात्रीतून चढले, पैकुळचा पूल त्या पुरात गेला, मातीच्या भिंतींची घरे पाण्यात विरघळल्यासारखी बसली. त्या दिवशी छातीभर गढूळ पाण्यातून एका म्हाताऱ्या बाईंना पाठीवर घेऊन येणारा पोलीस मी पाहिला. बाईंच्या हातात देवीचा टाक होता आणि त्या ‘मला सोड, हा घे’ म्हणत होत्या. त्याहून अवघड काम उन्हाळ्यातले. नदीच्या कोंडीत पोहायला उतरलेली परगावची मुले बुडतात, आणि मग जवान पाण्यात उतरून, गळ टाकून, तास न् तास शोधत राहतात. काठावर पोलीस उभा असतो. त्याच्याकडे पंचनाम्याचे कागद असतात आणि त्या मुलाच्या घरी फोन करण्याचे काम असते. मी एकदा एका तरुण शिपायाला तो फोन करताना पाहिले आहे. तो प्रेतापासून बराच दूर, आंब्याच्या झाडाआड गेला, टोपी काढली, घसा दोनदा साफ केला आणि मग नंबर लावला.

हे सारे मला ठाऊक होते, आणि तरीही मानपत्र लिहायला बसले तेव्हा लेखणीतून ‘धैर्यमूर्ती’च उतरले.

तिसऱ्या दिवशी मी बसने अग्निशामक केंद्रावर गेले. खोडणारे साहेब, हुद्दा लीडिंग फायर फायटर, पन्नाशीचे गृहस्थ, बाहेर होज वाळत घालत होते. कॅनव्हासच्या त्या लांब नळ्या ओल्या ठेवल्या तर कुजतात, म्हणून प्रत्येक वर्दीनंतर त्या धुऊन उन्हात टांगाव्या लागतात. शेडमध्ये बंब दाराकडे तोंड करून उभा होता. त्याच्या शेजारी गमबुटांच्या जोड्या अशा ठेवल्या होत्या, की विजारीची गोळा केलेली टोके बुटांवर आधीच चढवलेली होती. पाय घातला की दोन्ही एकदमच वर ओढायचे. डिझेलचा, रबराचा आणि ओल्या कापडाचा मिळून एक वास होता. भिंतीवर दलाचे ब्रीद लिहिले होते, ‘त्राणाय सेवामहे’. मी संस्कृतही शिकवलेली बाई. त्या ओळीतले क्रियापद अनेकवचनी आहे, हे तिथे उभी असताना माझ्या ध्यानात आले. ‘आम्ही सेवा करतो’, ‘मी’ नव्हे.

‘तो शब्द का खोडलात?’ असे मी विचारले.

‘खरा नाही म्हणून, बाई,’ ते म्हणाले. त्यांनी हात पुसले, आत जाऊन नोंदवही आणली आणि त्या दिवसाचे पान उघडून माझ्यासमोर धरले. वर्दी २.०९. गाडी बाहेर २.१०. घटनास्थळ २.३७. पाणी सुरू २.४९. ‘निघालो एका मिनिटात, ते आमच्या हातात होतं. रस्ता घाटाचा, त्याला सत्तावीस मिनिटं लागली. पाणी सुरू व्हायला त्यानंतर बारा. ज्यांची पाडी गेली त्या बाई कार्यक्रमाला समोर बसलेल्या असणार. त्यांच्यासमोर ‘तत्काळ’ असं मोठ्यानं वाचू नका.’ मी विचारले, की ती बारा मिनिटे कसली. त्यांनी वही मिटली. ‘वळणाची अडचण होती,’ एवढेच म्हणाले, आणि मग जणू विषय बदलण्यासाठी बंबाविषयी सांगू लागले. टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असते. ऐकायला खूप वाटते, पण एका नळीने मारले तरी दहा-बारा मिनिटांत संपते, म्हणून पोचल्याबरोबर एक माणूस आधी विहीर किंवा तळी शोधायला निघतो. गवताच्या आगीचे दुखणे वेगळे. वरून पाणी कितीही घाला, ते पेंढ्यांवरून ओघळून जाते आणि आत धग तशीच राहते. ती गंजी दाताळ्याने थरथर उलगडून, प्रत्येक थर भिजवून, पुन्हा उलगडावी लागते. त्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत तेच करत होते. मी समजले होते, की आग विझल्यावरही शिरस्ता म्हणून थांबले आहेत.

बसमधून उतरून घराकडे वळताना मी थांबले. आमच्या चिऱ्यांच्या भिंतीच्या कोपऱ्यावर, माझ्या कमरेच्या उंचीला, तांबड्या रंगाचा एक हातभर ओरखडा होता. चिरा मुळातच तांबूस, त्यामुळे इतके दिवस तो माझ्या नजरेत भरला नव्हता. बोट लावून पाहिले. तो ऑइलपेंट होता.

पूर्वी तिथे वई होती, मेंदीची आणि काट्याकुट्यांची. लाकडे भरलेला ट्रक आला तर तो वईवर थोडासा चढून वळायचा, दोन दिवसांनी वई पुन्हा उभी राहायची आणि कोणाचे काही बिघडत नसे. माझ्या यजमानांच्या निवृत्तीनंतर आम्ही ती काढून भिंत घातली. गुरे आत येतात, फुले राहत नाहीत, ही कारणे होती आणि ती खरीच होती. गवंड्याने तेव्हा विचारले होते, कोपरा थोडा मागे घेऊ का. पण कोपऱ्याच्या आत सुरंगीचे झाड होते, यजमानांनी स्वतः लावलेले, आणि भिंत मागे घेतली तर त्याच्या मुळांवर येईल अशी आम्हांला भीती वाटली. म्हणून कोपरा काटकोनात, रस्त्याच्या अगदी कडेला आला. यजमान गेले त्याला चार वर्षे झाली. सुरंगीला दर फाल्गुनात फुले येतात, आणि त्या वासाने ते अंगणात आहेत असे मला वाटते. अडीच मीटर रुंदीचा बंब त्या काटकोनातून वळू शकला नव्हता. दोनदा पुढे-मागे करून, कोपऱ्याला घासून, तो तिथेच थांबला आणि जवानांनी पंधरा मीटरची एक अशा नऊ नळ्या खांद्यांवरून धावत नेऊन जोडल्या. ती बारा मिनिटे माझ्या अंगणाच्या तोंडाशी गेली होती. ‘भिंत दिसेल, तिथून वळा,’ असे फोनवर मीच सांगितले होते.

त्या गृहस्थांना हे ठाऊक होते. त्यांनी मला ते सांगितले नाही, आणि मानपत्रात खोटेही राहू दिले नाही.

त्या रात्री मी मसुदा फाडला आणि नव्याने लिहायला घेतला. कार्यक्रमासाठी वाचनालयाने १४ एप्रिल ही तारीख आधीच ठरवली होती, कारण तो अग्निशमन सेवा दिन. ती तारीख मुंबईच्या गोदीतली आहे, हे मी शाळेत मुलांना कितीतरी वेळा सांगितले होते. १९४४ साली ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती; दुपारी धूर दिसला, बंब आले, नळ्या आत सोडल्या, शेकडो टन पाणी ओतले गेले, पण कापूस नेमका कुठे धुमसतो आहे हे धुरात सापडेना. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला, आणि त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. वर्षानुवर्षे मी ही गोष्ट आकड्यासाठी सांगत आले. त्या रात्री मात्र मला दाताळ्याने उलगडलेली गंजी दिसत होती, आणि त्या जहाजावर आग शोधत राहिलेल्या माणसांचे हात दिसत होते. गासडी काय आणि पेंढी काय, आतून धुमसणाऱ्या वस्तूचा स्वभाव एकच. पोलिसांचा स्मृतिदिन २१ ऑक्टोबर, तोही १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला मारल्या गेलेल्या दहा जवानांचा. आपल्या सन्मानाच्या तारखा अशा मरणाच्या आहेत. त्या असाव्यातच. पण जो मेला नाही, ज्याच्या हातून चार गुरे वाचली आणि पाचवे वाचले नाही, जो संध्याकाळी गणवेश धुऊन दोरीवर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकीत जाऊन बसतो, त्याच्यासाठी आमच्या भाषेत मानाचा शब्द कोणता, हे मला त्या रात्री पुष्कळ वेळ सुचले नाही.

होमगार्डच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेले. हात बँडेजमध्ये होता. होमगार्ड संघटना १९४६ च्या डिसेंबरमध्ये मुंबई प्रांतात उभी राहिली, तिचे ब्रीद ‘निष्काम सेवा’, आणि हे जवान मुळात स्वयंसेवक. त्यांना पगार नसतो, जेवढे दिवस कामावर बोलावले तेवढ्या दिवसांचे मानधन मिळते. ब्रीद सुंदर आहे. पण जळालेला हात घेऊन घरी बसलेल्या, दोन लहान मुलांच्या बापासमोर ‘निष्काम’ हा शब्द उच्चारण्याआधी मला थांबावे लागले. त्याच्या बायकोने कोकमाचे सरबत दिले. तो म्हणाला, ‘पाडी लहान होती, बाई. उचलून आणली असती तरी चाललं असतं, मी दावं शोधत राहिलो.’ त्याचे ते वाक्य मी मानपत्रात घेतले नाही. पण ते ऐकल्यावर बाकीची वाक्ये कशी असावीत ते मला कळले.

नवे मानपत्र दीड पानाचे उरले नाही, पाऊण पानाचे झाले. त्यात वेळा होत्या. २.०९ ला वर्दी, २.१० ला गाडी बाहेर. त्याआधी आणि त्यानंतर डोंगराच्या कडेने सहा जणांनी किती वेळ जाळ झोडपला ते होते. कोयती, ओला पंचा, चार गुरे होती, पाडीही होती. हवालदारांनी पट्ट्याला धरून ओढले ते होते. नऊ नळ्या होत्या, आणि त्या का जोडाव्या लागल्या तेही एका वाक्यात होते: ‘वाटेच्या कोपऱ्यावर या मानपत्राच्या लेखिकेची भिंत असल्याने.’ समितीतल्या दोघांनी हरकत घेतली. मानपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावायचे असते, त्यात असे काही लिहीत नाहीत, असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. छापील प्रतीतून ते वाक्य काढले. व्यासपीठावर वाचताना मी ते वाचले.

शब्द घशाशी अडकला, पण वाचले. समोर वहिनी बसल्या होत्या, गोठा जळाल्यापासून त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत होत्या, विहिरीवर, तुळशीपाशी, सगळीकडे. त्यांना कोपऱ्याचे आधीपासून ठाऊक होते की नाही, हे मी कधी विचारू शकले नाही. त्यांनी मान खाली घातली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. होमगार्डने शाल उजव्या हाताने घेतली. आपदा मित्र असलेली ती दोन मुले सत्कारासाठी उभी राहायला तयार नव्हती. डोंगरावर आणखी चार जण होते, त्यांनाही बोलवा, असा त्यांचा हट्ट होता, म्हणून शेवटी सहाही जण आले आणि आणलेल्या दोन शाली कोणी कोणाच्या खांद्यावर घालायच्या यावरून थोडा गोंधळ झाला. साहेबांनी मानपत्र हातात घेतल्यावर ते तिथेच, उभ्या उभ्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढले. सभागृह थांबून राहिले. मग त्यांनी ते गुंडाळले आणि जागेवर जाऊन बसले.

मे महिन्यात गवंडी बोलावला. सुरंगी काढावी लागणार, असे मनाशी धरूनच मी बोलावला होता; चार रात्री नीट झोप लागली नव्हती. त्याच्या आदल्या संध्याकाळी साहेब स्वतः आले, सोबत बंबाचा चालक होता. मी त्यांना बोलावले नव्हते, वाचनालयाच्या मुलाने सांगितले असावे. चालकाने टेप लावून वाटेची रुंदी मोजली, पुढचे चाक कुठून जाईल आणि मागचे कुठून येईल ते चपलेने मातीत ओढून दाखवले. ‘झाड राहू दे, बाई,’ साहेब म्हणाले. ‘भिंत पूर्ण मागे न्यायची गरज नाही. कोपरा काटकोनात आहे ना, तो गोल करा. चार हात गोलाई मिळाली की गाडी वळते.’ त्यांनी खिशातून खडू काढला, भिंतीवर वाकले आणि माथ्यावरच्या चिऱ्यांवरून एक पांढरी वाकडी रेघ ओढली, सुरंगीच्या बुंध्यापासून वीतभर अंतर राखून. रेघ पुरी झाल्यावर मागे सरकून त्यांनी ती पाहिली, एका ठिकाणी अंगठ्याने पुसली आणि थोडी आत घेऊन पुन्हा काढली. रात्री वळवाचा पाऊस येईल असे आभाळ होते, म्हणून मी त्या रेघेवर घरातली जुनी ताडपत्री घातली आणि चारी टोकांवर दगड ठेवले.